नाशिकचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी शंभर अंशांना नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. शाळेत हे केव्हातरी शिकवलं असेल. मला ते कळलं चाळिशीनंतर, इंदिरानगरमधल्या एका स्वयंपाकघरात, पातेल्यात पाऱ्याचा थर्मामीटर धरून उभी असताना. शेजारी नाना होते. पाणी खळखळ उकळत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णववर अडून बसला होता.

“किती?” नानांनी विचारलं.

मी घुटमळले. शंभर म्हणावं असं वाटत होतं, कारण उकळत्या पाण्याला शंभर म्हणायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण दिसत होते अठ्ठ्याण्णव. तसं सांगितलं.

नाना खूश झाले. “बरोबर. नाशिकला अठ्ठ्याण्णवच यायला पाहिजे. शंभर म्हणाली असतीस तर थर्मामीटर फेकून दिला असता. आणि तुला घरी पाठवलं असतं.”

नानांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. काचबिंदूचं निदान उशिरा झालं, आणि पाऱ्याच्या बारीक रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. हात मात्र शाबूत होते. पान्याने नट किती आवळला आहे हे ते बोटांवरून सांगत. त्यामुळे आमच्यात कामाची वाटणी ठरून गेली. हात त्यांचे, डोळे माझे. पुढची कितीतरी वर्षं ती वाटणी तशीच राहिली. त्या वर्षांत मी त्यांची जेवढी देणेकरी झाले, तेवढी घराबाहेरच्या दुसऱ्या कुणाची झालेले नाही.

नाना ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधून निवृत्त झालेले. ओझरचा हा कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ विमानं देशात बांधण्यासाठी उभा राहिलेला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी तेव्हाची रचना. आजही आमच्या भागात लोक गावाचं नाव ‘ओझर मिग’ असंच सांगतात. नानांचं आयुष्य तिथे गेज तपासण्यात गेलं. विमान दुसरे उडवत, इंजिन दुसरे उघडत. वैमानिकासमोरचा काटा जे दाखवतो ते खरं आहे की नाही, एवढंच बघायचं हे नानांचं काम. तपासलेल्या प्रत्येक गेजवर तारखेची चिठ्ठी, आणि पुढची तपासणी कधी त्याचीही. मुदत उलटली की गेज कितीही चांगला दिसो, तो पुन्हा बाकावर.

माझं आणि त्यांचं नातं जुळलं ते आप्पांच्या जीपमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग होती, आणि १९८८ साली आप्पांनी महिंद्राची एमएम ५४० घेतली. औषधाचे डबे, मजूर, पाइप, पाहुणे, आम्ही भावंडं, सगळं तिच्यातून गेलं. आप्पांच्या माघारी बाग भावाकडे राहिली आणि जीप शेडमध्ये. भंगारवाला तिची किंमत करून गेला त्या आठवड्यात मी तिला नाशिकला आणलं. मी बँकेत नोकरी करणारी बाई, सोसायटीत चारचाकीला जागा एकच. घरची लहान गाडी रस्त्यावर लावायला लागली आणि जीप आत आली.

या जीपचं एक सांगितलं पाहिजे, कारण नानांना तिचा लळा लागला तो त्यामुळेच. तिचं डिझेल इंजिन प्युजोचं, एक्सडीपी ४.९०. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्युजोकडून परवाना घेतला आणि हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. नावातल्या ४.९० चा अर्थ चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. तिचे नोझल मायकोचे, म्हणजे नंतरच्या बॉशचे, आणि मायकोचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना सातपूरला. इंजिन इगतपुरीचं, नोझल सातपूरचे, धनी निफाडचा. नाना ते ऐकून म्हणाले, “आणि बघणारा ओझरचा. ही गाडी आपल्या जिल्ह्याच्या बाहेर जायचं कारणच नाही.”

ते आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर राहत. जानेवारीतली सकाळ होती. मी हीटर प्लग देऊन जीप चालू केली होती आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहिला होता. धुरातून नाना काठी टेकत आले. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी विचारलं, “किती वेळ असा धूर टाकते?”

“कामावर पोहोचेपर्यंत.”

“आणि टेम्परेचरचा काटा?”

“तो वरच येत नाही. गाडी अगदी थंड चालते, नाना.”

सगळ्यांनी मला हेच कौतुकाने सांगितलं होतं. इतकी जुनी गाडी आणि अजिबात गरम होत नाही, नशीबवान आहात. नाना म्हणाले, “थंड चालते ही तक्रार आहे, पोरी. कौतुक नाही.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आता इतरांना सांगते. इंजिनाला एका ठरावीक उष्णतेत काम करायचं असतं, साधारण ८० ते ९५ अंश. त्याच्या वर गेलं तर हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं कारण ते एका फटक्यात होतं आणि खिशाला कळतं. खाली राहिलं तर जे होतं ते हळूहळू होतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल भिंतींवरून उतरून ऑइलमध्ये जातं, ऑइल पातळ होतं, रिंगा आणि लायनर झिजतात. पेट्रोलच्या गाडीतही तेच. ज्वलनातून तयार होणारं पाणी थंड इंजिनातून बाहेर पडत नाही, ऑइलशी घुसळलं जाऊन त्याचा राखाडी लगदा बनतो. मायलेज पडतं. मालक मात्र काटा खाली बघून समाधानी असतो.

इंजिन लवकर तापावं आणि तापल्यावर तिथेच राहावं, हे काम थर्मोस्टॅटचं. आपल्याकडे मिस्त्री त्याला ‘थर्मोस्टॅट वॉल्व्ह’ म्हणतात. हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसवलेलं पितळी दार. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं आणि स्प्रिंगच्या विरोधात दार उघडतं. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. मेणाची ही युक्ती १९३० च्या दशकातली, आणि आजच्या बहुतेक गाड्यांतही तीच आहे. वीज नाही, तार नाही, फक्त मेणाचा स्वभाव.

आणि आपल्याकडे हा वॉल्व्ह सर्रास काढून टाकतात. मी याबद्दल कोणत्याही मिस्त्रीला दोष देत नाही. उन्हाळ्यात गाडी घाटात तापली, गिऱ्हाईक चिडलं, वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलेला निघाला, नवा हाताशी नाही. अशा वेळी तो काढला की गाडी त्या क्षणी चालू लागते आणि गिऱ्हाईक घरी पोहोचतं. “आपल्या हवेत याची गरज नाही” हे वाक्य त्यातून आलं. पण नाशिकमध्ये ते वाक्य टिकत नाही. आमचा निफाड तालुका महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड जागांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात. त्या रात्री आप्पा बागेत ओळींच्या कडेला शेकोट्या पेटवत, कारण गारठ्याने द्राक्षाचे मणी तडकतात. द्राक्षांना ऊब लागते हे आमच्या भागात पोरासोरांना माहीत आहे, इंजिनाला लागते हे सांगायला नाना भेटावे लागले.

मला वाटलं, आता नाना वॉल्व्हच उघडतील. ते म्हणाले, “थांब. इंजिन थंड आहे असं तुला कोण सांगतंय?”

“काटा.”

“काटा साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी झाली का?”

ती कशी करायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. आणि तिची सुरुवातही काट्यापासून होत नाही. काटा थर्मामीटरने तपासायचा, तर आधी थर्मामीटर तपासायचा. म्हणून काकूंच्या, म्हणजे नानांच्या पत्नीच्या, फ्रिजमधला बर्फ कुटला, त्यात थोडं पाणी, आणि पारा शून्यावर टेकतो का बघितलं. टेकला. मग उकळतं पाणी, अठ्ठ्याण्णव. दोन टोकं जुळली की मधलं मोजायला हरकत नाही. काकू ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पातेलं दिलं होतं, पण “हे परत स्वयंपाकाला नाही वापरायचं” म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा बांधून टाकला. तो दोरा अजून आहे.

मग गाडीतला सेंडर काढला. मिस्त्री त्याला बल्ब म्हणतात. पितळी बोल्टसारखा दिसतो, आतल्या भागाचा विजेला होणारा विरोध उष्णतेबरोबर कमी होत जातो, प्रवाह वाढतो आणि डॅशबोर्डवरचा काटा चढतो. त्याला दुसरी तार नसते, परतीची वाट म्हणजे त्याचं स्वतःचं अंग, इंजिनाला टेकलेलं. नानांनी एक लांब तार गाडीच्या तारेला जोडली, दुसरी तार बॅटरीच्या निगेटिव्हवरून आणून सेंडरच्या अंगाला गुंडाळली, आणि सेंडर पातेल्यातल्या पाण्यात सोडला. स्टोव्ह जीपच्या शेजारी, पार्किंगमध्ये. आता काटा एकीकडे आणि पारा एकीकडे, आणि दोन्ही मी वाचायचं.

“चाळीस अंशांना काटा कुठे?”

“पहिल्या रेघेच्या किंचित वर.”

“किंचित म्हणजे? काट्याच्या जाडीएवढं?”

“निम्म्या जाडीएवढं.”

हे मी इतक्या बारकाईने कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. बँकेत आकडे येतात ते छापून येतात, त्यांच्याकडे असं बघायची वेळ येत नाही. नाना मला किती यायला हवं ते आधी कधीच सांगत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “मी सांगितलं की तुला तेच दिसणार.” ओझरच्या बाकावरही, म्हणाले, वाचणाऱ्याला अपेक्षित आकडा दाखवायचा नाही ही त्यांची स्वतःची रीत होती. वाचून झाल्यावर मी वहीत लिहायचे आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, मग ते मान हलवायचे किंवा “पुन्हा” म्हणायचे. “पुन्हा” म्हणताना आवाज कधी चढला नाही. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. प्रत्येक जागी गेजच्या काचेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. ऐंशीला काटा मधोमध आला.

म्हणजे काटा शहाणा होता. मग गाडीत तो खाली का राहायचा? सेंडरच्या आट्यांवर कुणीतरी पांढऱ्या टेपचे वेढे दिले होते, पाणी झिरपू नये म्हणून. त्या टेपमुळे सेंडरचं अंग इंजिनाला धड टेकत नव्हतं, प्रवाह कमी पडत होता आणि काटा आहे त्यापेक्षा थंड दाखवत होता. टेप सोलली, आटे घासले, पितळी वॉशर टाकून सेंडर बसवला. काटा थोडा वर आला. पण थोडाच. म्हणजे काटा खोटं बोलत होता तेवढं बोलत होताच, शिवाय इंजिनही खरोखर थंड होतं. नानांना हे निदान फार आवडलं. दोन चुका एकावर एक बसलेल्या असतात आणि पहिली काढल्याशिवाय दुसरी दिसत नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी वॉल्व्हचं घर उघडलं. आत काहीही नव्हतं. फक्त वॉल्व्ह जिथे बसतो ती गोल खाच, आणि तिच्यात बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार.

द्वारका भागातून दोन थर्मोस्टॅट आणले. दोन का, ते नानांनी दुकानात सांगितलं नाही, घरी आल्यावर कळलं. नवा आहे म्हणून बरोबर आहे असं नसतं. वॉल्व्हवर ८२ असा आकडा कोरलेला होता, म्हणजे ८२ अंशांना तो उघडायला लागावा आणि आणखी बारा-पंधरा अंशांत पूर्ण उघडावा. नानांनी दाराच्या फटीत दोरा अडकवला आणि वॉल्व्ह त्या दोऱ्यावर पाण्यात टांगला, तळाला टेकू न देता, कारण तळाची धातू पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते. दार उघडायला लागलं की दोरा सुटतो आणि वॉल्व्ह टुपकन खाली पडतो. त्या क्षणी पारा वाचायचा. डोळे अधू झालेल्या माणसाला ही युक्ती किती सोयीची होती हे मला नंतर उमगलं. पडल्याचा आवाज ते ऐकत आणि म्हणत, “वाच.”

पहिला ८३ ला पडला. दुसरा ९० च्याही पुढे. दुसरा परत केला.

बसवतानाचे धडे मी जसेच्या तसे लिहून ठेवलेत. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. वॉल्व्हच्या कडेला बारीक भोक असतं आणि त्यात लटकणारी पिन, ती वरच्या अंगाला यायला हवी, तिथून कोंडलेली हवा बाहेर पडते. जुना गॅस्केट खरवडून काढायचा, पण घराला ओरखडा न पाडता. बोअरचं पाणी नाही, शुद्ध पाणी आणि कूलंट. टोपी उघडी ठेवून इंजिन चालू करायचं, वॉल्व्ह उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घालायची. एकदा गरम झालेल्या रेडिएटरची टोपी मात्र कुणी कितीही घाई केली तरी उघडायची नाही. टोपी फक्त झाकण नसते, ती दाब धरून ठेवते, आणि दर पौंड दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा जास्त वर जातो. सात पौंडांची टोपी असेल तर नाशिकमध्येही पाणी ११० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपी सैल केली की तो आधार एका क्षणात जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

त्या सोमवारी सकाळी जीप मुंबई नाक्याला पोहोचेपर्यंत काटा मधल्या ठिपक्यावर होता. धूर नव्हता. मी ऑफिसातून नानांना फोन केला. ते म्हणाले, “अजून काही म्हणू नकोस. महिनाभर लिही.”

लिहिलं. बाहेरची हवा किती, काटा किती वेळात चढला, चढावर कुठवर गेला. ही वही आता जाड झाली आहे. संध्याकाळी चहाच्या वेळी मी तळमजल्यावर जायचे आणि वहीतलं पान वाचून दाखवायचे. काकू म्हणायच्या, दुसऱ्यांच्या घरी लोक वर्तमानपत्र वाचून दाखवतात. नानांनी कधी पैसे घेतले नाहीत. मी द्राक्षं नेली तर घेत, तीही भावाच्या बागेतली आहेत याची खात्री करून. त्यांना कुणीतरी आपल्यासाठी बघावं एवढं हवं होतं, आणि ते बघणं त्यांच्या हिशेबात चोख असावं. माझ्या नोकरीत, संसारात, कुणी मला इतकं गंभीरपणे विचारलं नव्हतं की तुला नेमकं काय दिसतंय. मी सांगायचे आणि ते मानून पुढचं काम व्हायचं. माझ्या शब्दावर नट आवळला जायचा.

त्यांनी शिकवलेल्यातली एक गोष्ट कसारा घाटात उपयोगी पडली. एप्रिलची दुपार, मी शहापूरहून नाशिककडे परतत होते. कसारा घाट म्हणजेच थळ घाट, जुनाच खडतर. १८६५ साली रेल्वे या घाटातून इगतपुरीला पोहोचली, आणि ३७ फुटांना एक फूट असा तिचा चढ आहे, त्यामुळे कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागत आली. रस्त्याचा चढही दमवणारा. काटा मधल्या ठिपक्यावरून वर सरकला, नव्वदच्या ठिपक्याला पोहोचला, ओलांडला. मी गिअर उतरवला. पुढच्या वळणावर काटा खाली येऊ लागला. झरझर, पार पहिल्या रेघेपर्यंत.

चढ तसाच होता. इंजिन तसंच ओढत होतं. थंड व्हायला काही कारण घडलेलं नव्हतं. सेंडर पाण्यात बुडलेला असेल तोवरच पाण्याचं तापमान सांगतो, पाणी गेलं की तो उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा गारवा दाखवतो, हे नानांनी पातेल्यातून सेंडर वर उचलून मला दाखवलं होतं. काटा पडताना मी वाचलाही होता. मी जीप कडेला घेतली आणि बंद केली. बॉनेटमधून वाफ नंतर आली. खालचा होज पाइप फाटला होता आणि सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं.

एक ट्रकवाला थांबला. धुळ्याकडचा, बोलण्यात अहिराणीची झाक. त्याने आत डोकावून काटा पाहिला आणि म्हणाला, “ताई, काटा तर खालीच आहे, चला इगतपुरीपर्यंत, जवळच आहे.” मी का थांबले ते सांगितल्यावर तो क्षणभर गप्प राहिला, मग त्याने आपल्या ट्रकमधून पाण्याचे कॅन उतरवले आणि इंजिन हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत माझ्याबरोबर सावलीत बसून राहिला. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो, म्हणून थांबणं भाग होतं. होजचा फाटका शेवट कापून उरलेला भाग ओढून बसवायला त्यानेच मदत केली. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही, पण माझ्या देण्यांच्या यादीत तो आहे. हेड शाबूत राहिलं. गॅस्केटही.

संध्याकाळी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. विचारलं, “काटा वरून खाली यायला किती वेळ लागला?”

“एक वळण. अर्ध्या मिनिटाच्या आत.”

“आणि नव्वदला किती वेळ थांबला होता?”

त्यांना तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा करायचा होता. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊ शकले. मग ते बराच वेळ विचार करून म्हणाले की दुसरा गेज बसवू, पण त्याच पाण्यात नाही. एकाच पाण्यातले दोन साक्षीदार एकाच वेळी आंधळे होतात. दुसऱ्याने धातू बघायला हवी. जेट इंजिनाच्या मागच्या पाइपात तापमान मोजायला थर्मोकपल असतं, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तसंच लहानसं थर्मोकपल वॉशरच्या रूपात मिळतं. ते आम्ही हेडवरच्या एका बाजूच्या बोल्टखाली बसवलं. हेडच्या मुख्य बोल्टखाली नाही. त्या बोल्टांच्या आवळण्याशी खेळायचं नसतं, यावर नाना ठाम होते. पाणी असो वा नसो, हेड किती तापलंय ते आता वेगळं दिसतं. ते आम्ही एकत्र केलेलं शेवटचं मोठं काम.

पुढच्या वर्षी त्यांना अजिबात दिसेनासं झालं, आणि त्यानंतर दोन पावसाळे काढून ते गेले. शेवटच्या काळात मी वही वाचायची थांबवली नव्हती. ऐकता ऐकता एखाद्या आकड्याला ते बोट उचलत, म्हणजे पुन्हा वाच.

काकूंनी त्यांचा थर्मामीटर मला दिला. मी म्हटलं, तुमच्या मुलाला ठेवा. त्या म्हणाल्या, “तो मोबाइलवर बघतो तापमान. तू पाण्यात बघतेस.” लाल दोऱ्याचं पातेलंही त्यांनी पिशवीत घातलं. दर वर्षी नवरात्राच्या आधी मी वॉल्व्ह काढून टांगते. मागच्या खेपेला तो ८८ ला पडला, मेण म्हातारं झालं होतं, बदलला. आता आमच्या सोसायटीतली दोन मुलं आपल्या जुन्या गाड्यांचे सेंडर घेऊन येतात. मी त्यांना आकडा आधी सांगत नाही.

काकूंना चैत्रात सप्तशृंगीला जायचं असतं. पायऱ्या त्यांना जमत नाहीत, पण आता गडावर ट्रॉली आहे, म्हणून नांदुरीच्या घाटापर्यंत आणि पुढे वर गावापर्यंत आम्ही जीपने जातो. गडावरचं गाव हजार मीटरच्याही वर, तिथे पाणी ९६ च्या आसपासच उकळतं, ही माहिती काकू आता सोबतच्या बायकांना सांगतात, नानांच्या नावानिशी. यंदा नांदुरी सोडल्यावर चढाला लागलो तशा त्या पुढच्या सीटवरून डॅशबोर्डकडे वाकल्या.

“काय म्हणतोय काटा?”

“अठ्ठ्याऐंशी, काकू.”

“आणि दुसरा?”

“तोही जागेवर.”

“वाचलास ना नीट?”

“वाचला.”

“मग घे पुढे. त्या एसटीच्या मागे राहिलीस तर आरती चुकेल.”